गाण्याआधीची वर्षं

संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर या. रत्नागिरीत नसाल, तर आहात तिथेच बसा आणि मनाने इथे या. समुद्राकडे तोंड करा. डाव्या हाताला भाट्याची खाडी समुद्राला मिळते. उजवीकडे रत्नदुर्गाचा डोंगर पाण्यात पुढे घुसला आहे, त्याच्या टोकावर दीपगृह आहे. खालची वाळू काळी. म्हणून आम्ही याला काळा समुद्र म्हणतो आणि मिऱ्याच्या बाजूच्या समुद्राला पांढरा.

घाई नाही. श्वास मोजायचे नाहीत, मांडी घालायचीच असंही नाही. एक लाट येऊन फुटू द्या. दुसरी फुटू द्या. दोन लाटांच्या मध्ये जी थोडी गप्प जागा असते, तिच्याकडे लक्ष द्या. आज आपल्याला त्या जागेत बसायचं आहे.

आज मनन करायचं आहे ते एका गायकाचं. स्वतः गाणी रचणारा आणि स्वतःच गाणारा माणूस: वामनदादा कर्डक. त्यांची गाणी तुम्ही ऐकली असतील. चौदा एप्रिलला, म्हणजे आंबेडकर जयंतीला, सहा डिसेंबरला, त्यांच्या स्मृतिदिनी, एखाद्या वस्तीतून जाताना, कर्ण्यावरून. त्यांनी रचलेल्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात सांगतात. पण ती गाणी आज नकोत. ती येण्याआधीची वर्षं हवीत. माणूस गाऊ लागला की सगळेच ऐकतात. तो गात नव्हता तेव्हा त्याच्या आत काय चाललं होतं, हे कुणी विचारत नाही.

डोळे मिटा. समुद्र मागे टाका आणि घाट चढून जा. आंबा घाट नको, थेट उत्तरेकडे चला. नाशिक जिल्हा, सिन्नर तालुका, देशवंडी गाव. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सह्याद्रीने तो अडवला की पलीकडे सिन्नरच्या वाट्याला फार थोडा उरतो. कोरडी जमीन, बाजरी, विड्या वळणारी घरं. इथे १५ ऑगस्ट १९२२ ला तबाजी आणि सईबाई कर्डक यांच्या घरी वामन जन्मला. त्या तारखेला तेव्हा काही अर्थ नव्हता. तो यायला अजून पंचवीस वर्षं होती. महाराचं पोर, गावाबाहेरची वस्ती. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही.

गाणं मात्र येतच होतं. शाळेला दार असतं, गाण्याला नसतं. पहाटे जात्यावर बायका ओव्या म्हणत, तमाशा गावात आला की ढोलकी वाजे, भजन चाले. शाळेत न गेलेल्या पोराचा कान सतत उघडा असतो, कारण त्याला जे काही मिळवायचं ते कानानेच. मला वाटतं, वामनदादांच्या गाण्यात एकही शब्द चालीला अडखळत नाही तो यामुळे. ते शब्द कागदावर बघून बसवलेले नव्हते, आधी कानावरून गेलेले होते.

इथे थांबा. तुम्ही ऐकलेलं अगदी पहिलं गाणं आठवा. रेडिओवरचं नको, माणसाच्या तोंडचं. कोण म्हणत होतं? त्या वेळी तिचे हात काय करत होते? बहुतेक ते हात रिकामे नव्हते. नारळ खवत असतील, तांदूळ निवडत असतील, पाळण्याची दोरी ओढत असतील. त्या हातांकडे बघत राहा. शब्द आठवले नाहीत तरी चालेल.

मग मुंबई. सिन्नरची माणसं तिथे गेली तशी आपलीही गेली. आपली भाऊच्या धक्क्यावर बोटीने उतरली, ती रेल्वेने. जाऊन राहिली एकाच ठिकाणी. वामनदादा शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. बीडीडीतली खोली म्हणजे एकशेसाठ चौरस फूट. तेवढ्यात चूल, मोरी, आठ-दहा माणसं, गावाकडून आलेला पाहुणा. गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत काम, कधी चिक्की विकायची. सिनेमात काम मिळावं म्हणून स्टुडिओच्या दारात ताटकळणं, मिळालं तर गर्दीतला एक माणूस म्हणून उभं राहणं.

कोळशाची वखार डोळ्यांपुढे आणा. नखांत गेलेली काजळी धुऊन निघत नाही. घामाबरोबर ती गळ्यावर उतरते, थुंकी काळी होते. या गळ्यातून पुढे गाणं येणार आहे. अजून नाही. अजून हा वखारीतला एक पोऱ्या आहे.

आता या मननाच्या मध्यावर आपण आलो. इथे जरा जास्त वेळ बसायचं आहे.

चाळीत एक माणूस वामनदादांकडे आला. गावाकडचं पत्र आलं होतं. हा तरुण नीटनेटका दिसतो, बोलतो चांगलं, याला वाचता येत असणार, असं त्याला वाटलं. त्याने पत्र पुढे केलं. वामनदादांनी हातात घेतलं. वाचता येत नव्हतं. त्यांना रडू कोसळलं.

या प्रसंगात मी अडकून पडते, कारण मी पत्राच्या दुसऱ्या बाजूला वाढले. आमच्या वाडीत चौथीतल्या मुलीला म्हणजे मला पत्रं वाचून दाखवण्याचं काम होतं. मुंबईहून चाकरमान्यांची पोस्टकार्डं यायची, मनीऑर्डरीची पावती यायची. शेजारची काकी पदराला हात पुसत यायची. ‘वाच गो बाय, काय लिवलान हा.’ मी घडाघडा वाचायचे. सर्वांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, आंब्याचे पैसे आल्यावर कळवणे. अर्ध्या मिनिटात संपायचं. मग काकी ते कार्ड माझ्या हातातून परत घ्यायची आणि अक्षरांवरून बोट फिरवायची. एकदा मी सांगितलं, काकी, उलटं धरलंस. ती काही बोलली नाही. कार्ड सुलटं केलं आणि निघून गेली. पुढचं पत्र तिने माझ्याकडे आणलं नाही. पोस्टमनकडूनच वाचून घेतलं.

चाळीस वर्षं झाली. ते कार्ड तिच्या हातात सुलटं होताना मला अजून दिसतं.

तुम्ही हे वाचता आहात, म्हणजे वाचता न येणं काय असतं हे तुम्ही विसरला आहात. आपण सगळेच विसरलो. म्हणून एक करून बघा. रत्नागिरीत थिबा राजा राहिला. १८८६ साली ब्रह्मदेशाच्या त्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, आणि १९१६ साली तो इथेच गेला. त्याची लिपी कधी पाहिली आहे? गोल गोल अक्षरं, वर्तुळं, अर्धी वर्तुळं, एकाशेजारी एक. समजा, त्या लिपीत लिहिलेला एक कागद तुमच्या हातात आला आहे. त्यात तुमच्या आईची खबर आहे. ती बरी आहे की नाही, ते त्यात लिहिलं आहे. समोर माणूस उभा आहे आणि तुम्ही वाचाल म्हणून वाट बघतो आहे.

त्या कागदाकडे बघा. शब्दात उत्तर शोधू नका. छातीत काय होतं तेवढं पाहा. मग हळूच कागद खाली ठेवा.

वामनदादांनी कागद खाली ठेवला नाही. ते मुळाक्षरं शिकले, बाराखडी शिकले, आणि मग मुंबईच्या रस्त्यांवरून चालता चालता दुकानांच्या पाट्या वाचू लागले. पाटी हे फार चांगलं पुस्तक आहे. अक्षरं मोठी असतात, आणि खाली दुकानात काय विकायला ठेवलंय ते दिसतं, त्यामुळे वाचलेलं बरोबर की चूक ते लगेच कळतं. त्या तरुणाबरोबर चार पावलं चाला. शिवडीहून परळकडे. एक पाटी. अक्षर जुळतं. दुसरं जुळतं. काना, मात्रा. ओठ हलतात. आणि एकदम शब्द उभा राहतो. तोंडी जो शब्द शेकडो वेळा वापरला, तोच. आज तो डोळ्यांना भेटतो.

एवढ्यात समुद्र थोडा वर आला असेल. जेटीच्या दगडांवर पाण्याचा आवाज बदलला का, ऐका.

१९४३ साली वामनदादांनी पहिलं गाणं रचलं. ते होतं एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर, विडंबन म्हणून. वय वीस. त्याच वर्षी नायगावला त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिलं.

पहिली चाल उसनी होती, याचं काही लोकांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. पोहायला शिकणारा पोर आधी दुसऱ्याच्या खांद्याला धरतो. आपल्या गावांत गणपतीत जाखडी होते, तिथे काय वेगळं होतं? मध्ये शाहीर आणि मृदंगवाला बसतात, भोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे फिरतात, आणि शाहीर त्या वर्षीचं नवं गाणं लावतो. चाल कधी जुनी, कधी सरळ सिनेमाची. शक्तीवाल्या शाहिराने पुराणातला प्रश्न टाकला की समोरच्या तुरेवाल्याने त्याच रात्री उत्तर जुळवायचं. उसन्या चालीत स्वतःचा शब्द बसवताना माणसाला कळतं, आपल्याला सांगायचंय ते इथे मावत नाही. मग तो चाल ताणतो, मोडतो. तिथून त्याचं गाणं सुरू होतं.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ज्या गाण्याला ‘सोल’ म्हणतात, तेही असंच सुरू झालं. रे चार्ल्स या आंधळ्या गायकाने १९५४ साली चर्चमधल्या भक्तिगीताच्या धाटणीवर रोजच्या प्रेमाचे शब्द चढवले आणि भाविक लोक चिडले. देवाची चाल बाईला दिली म्हणून. पण ऐकणाऱ्यांना कळलं की आवाज तोच आहे, रविवारी रडतो तो. सोल म्हणजे आत्मा. आपल्याकडे आपण म्हणतो, जीव ओतून गायला. दोन्हीकडे गाणाऱ्यांच्या मागे एकच इतिहास होता. ज्यांना माणूस म्हणून मोजलं गेलं नाही, त्यांनी गळ्याने आपलं माणूसपण सांगितलं. वामनदादांना मी सोल गायक म्हटलं तर त्यांना तो शब्द परका वाटला असता. पण कानाने त्यांनी तो ओळखला असता, याची मला खात्री आहे.

सोलच्या त्या प्रांतातला एक गायक वामनदादांच्या शेजारी बसवावासा वाटतो. बिल विदर्स. जन्म ४ जुलै १९३८, वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क, कोळशाच्या खाणींचं छोटं गाव. तेरा वर्षांचा असताना बाप गेला. आणि तो तोतरा होता. तोंड उघडलं की शब्द अडकायचा, समोरचा हसायचा. अठराव्या वर्षाच्या आसपास आरमारात गेला, नऊ वर्षं काढली, मग लॉस एंजेलिसला येऊन विमानात शौचकूप बसवायच्या कारखान्यात लागला. तिशी ओलांडली तरी नाव नव्हतं. १९७१ साली पहिली तबकडी निघाली. तिच्या वेष्टनावरच्या चित्रात तो कारखान्याच्या दारात उभा आहे, हातात जेवणाचा डबा. फोटो जेवणाच्या सुट्टीत काढलेला. गाणं लोकप्रिय होऊ लागलं तरी त्याने लगेच नोकरी सोडली नाही.

एकाला वाचता येत नव्हतं, एकाला नीट बोलता येत नव्हतं. दोघांच्या सुरुवातीच्या वर्षांवर कोळशाची धूळ. एकाची जन्मतारीख त्याच्या देशाचा स्वातंत्र्यदिन होती, दुसऱ्याची पुढे झाली. दोघांची शब्दरचना बघा, दोन्ही इतकी साधी की मूलही समजेल. मला वाटतं हा साधेपणा कारागिरीचा नाही. ज्याला शब्दासाठी इतका वेळ थांबावं लागलं, तो शब्द उधळत नाही.

डबा हातात घेतलेला तो माणूस आणि पाट्या वाचत चाललेला हा माणूस. दोघांना थोडा वेळ या जेटीवर बसू द्या. त्यांना एकमेकांची भाषा येत नाही. बसू द्या.

पुढचं सगळं आता झरझर सांगते, कारण ते आज आपलं मननाचं ठिकाण नाही. वामनदादा बाबासाहेबांच्या सभांमधून गायले. पहिला संसार टिकला नाही, लहानगी मुलगी गेली, त्यांनी ते गाण्यात फारसं आणलं नाही. ते ‘माझ्या जीवनाचं गाणं’ या आत्मकथनात आलं. गावोगाव पायी, एसटीने, मिळेल त्या वाहनाने गेले. कुणाच्याही ओटीवर झोपले. बिदागी मिळो न मिळो, गायले. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. शाळेत न गेलेला माणूस साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर मधल्या खुर्चीत. १५ मे २००४ ला ते गेले.

पण एक गोष्ट कोकणाची आहे, ती सांगितल्याशिवाय उठता येणार नाही. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. त्यांची पत्नी रमाई, तिचं माहेर वणंद, दापोलीजवळ. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. खारं पाणी पाठीवर गळत असेल. त्या घरात १८९८ साली ती जन्मली. मुंबईच्या चाळीत जी गाणी जन्मली ती चाकरमान्यांच्या तोंडून बोटीने, एसटीने, पुढे रेल्वेने इथे परत आली. गणपतीला आली, शिमग्याला आली. ज्या घरांत पत्र वाचायला माणूस नव्हता, त्या घरांत गाणं मात्र वाचून दाखवावं लागलं नाही. काकीचंही एक होतं. भांडी घासताना ती ते गुणगुणायची. कुणाचं ते मला माहीत नव्हतं. ती शब्द चुकवायची नाही. आधी म्हटलं तसं, तिला कानानेच मिळवायचं होतं.

आता शेवटचं. स्वतःकडे वळा. तुमच्या आत अशी काही वर्षं असतील, ज्यांत तुम्ही काही रचलं नाही, काही बोलला नाहीत. नुसतं ओझं वाहिलं, ऐकलं, गप्प राहिलात. त्यांना तुम्ही वाया गेलेली म्हणत असाल. त्यातलं एक वर्ष निवडा. त्या वर्षी तुमच्या कानांवर काय पडत होतं, ते आठवा. त्या वर्षाला कसलंही नाव देऊ नका. लाट येऊ द्या. परत जाऊ द्या.

दीपगृहाचा दिवा आता लागला असेल. उठायच्या आधी एक मागणं आहे. वामनदादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालत, ‘वामन’ म्हणून. संतांनी घातलं तसं, आपल्या जाखडीतले शाहीर घालतात तसं. आज कार्यक्रमांत ही गाणी म्हटली जातात तेव्हा वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळतात. दोन कडवी, ध्रुपद, टाळ्या, संपलं. ज्या माणसाने पत्र हातात धरून रडल्यावर अक्षरं मिळवली, त्याचं नाव त्या गाळलेल्या कडव्यात राहतं. पुढच्या वेळी तुम्ही गाल, किंवा गाणाऱ्याला फर्माईश कराल, तेव्हा शेवटचं कडवं म्हणायला लावा.